बेस क्लॅरनेट घेताना आधी वरचे सूर वाजवून बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत वाद्यखरेदीवर पानभर मजकूर आला होता, त्यात खाली कोपऱ्यात बेस क्लॅरनेटवर, म्हणजे साध्या क्लॅरनेटपेक्षा एक सप्तक खाली वाजणाऱ्या त्याच्या मोठ्या भावावर, एक चौकट होती. आपल्याकडच्या पेपरात ह्या वाद्याचं नाव आलं ह्याचं बरं वाटलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या गल्लीतलं एक पोरगं तो पेपर घेऊन दारात उभं, "मामा, असं असं लिहिलंय, मग तेच घेऊ का?" म्हणून. बापाची बँड पार्टी आहे, पोरगा लहानपणापासून वरातीत क्लॅरनेट वाजवत आलेला, आता मुंबईला रेकॉर्डिंगची कामं मिळायलेत आणि तिथं बेस वाजवणारे कमी म्हणून त्याला ते घ्यायचंय. बाप कर्ज काढायला तयार. आठ-दहा लाखांचा मामला आहे साहेब, एवढ्यात आमच्याकडं ट्रॅक्टर येतो, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं लिहायलोय, लांबलं तर काटछाट तुमच्या हातात.

चौकटीत तीन गोष्टी म्हटल्यात. खाली सी पर्यंत (सी, ई फ्लॅट ही इंग्रजी पद्धतीची सुरांची नावं) जाणारं म्हणजे लो सी मॉडेलच घ्या, लाकडीच घ्या, आणि दुकानात सगळ्यात खालचा सूर लावून बघा, छातीत घुमला की डोळे झाकून घ्या. पहिल्या दोन अर्ध्या खऱ्या आहेत. तिसरी साफ उलटी आहे.

बेस क्लॅरनेटचा खालचा सूर कोणतंही वाद्य घुमवतो हो. दीड-दोन लाखांतलं चिनी घ्या नाहीतर फ्रान्सचं घ्या, पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या भोकं झाकणाऱ्या गाद्या, नीट बसलेले असले की खाली ते म्हशीगत हंबरतंच, आणि नवीन माणूस तिथंच फसतो, कारण त्याने आयुष्यभर साधं क्लॅरनेट वाजवलेलं असतं आणि तो खर्ज पहिल्यांदा अंगात भरला की बाकी काही ऐकू येत नाही. पैसे कुठं जातात ते कळतं मधल्या नि वरच्या सुरांत.

ह्याचं कारण सांगतो. बासरीत फुंक वाढवली की तोच सूर वरच्या सप्तकात निघतो. क्लॅरनेटचं तसं नाही, ते खालच्या सा वरून थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर उडी मारतं, आणि ही उडी मारायला मागं अंगठ्याच्या चावीनं एक बारीक भोक उघडावं लागतं, त्याला रजिस्टर म्हणतात. आता साध्या क्लॅरनेटची नळी लहान, तिथं एक भोक सगळ्या सुरांना कसंबसं पुरतं. बेसची नळी त्याच्या दुप्पट. तिथं एकच भोक ठेवलं तर ते काही सुरांना वर पडतं काहींना खाली, मग वरचे सूर एकतर निघत नाहीत, नाहीतर निघताना खालचा सूर गुरगुरत राहतो, आणि तोंड आवळून आवळून वाजवणाऱ्याचा जबडा जातो. म्हणून चांगल्या वाद्यात दोन भोकं असतात, एक खालच्या पट्ट्याला एक वरच्या, आणि अंगठा एकच चावी दाबतो, कुठलं भोक उघडायचं ते उजव्या हाताच्या तिसऱ्या बोटाला जोडलेली यंत्रणा आपोआप ठरवते. हे काही आजकालचं नाही, बेल्जियमच्या ॲडॉल्फ साक्सनं, ज्याच्या नावानं सॅक्सोफोन आहे त्यानं, 1838 मध्ये बेस क्लॅरनेटचा नवा नमुना केला त्यातच दुसरं रजिस्टर भोक दिलं होतं. आणि तरी आज एका भोकाचं वाद्य 'प्रोफेशनल' ची पट्टी लावून विकायलेत. माझं म्हणणं एवढंच की दोन भोकांची आपोआप चालणारी यंत्रणा नसेल तर ते वाद्य प्रोफेशनल नाही, मग लाकूड कोणतंही असो नि खाली कितीही जावो.

तर दुकानात गेल्यावर काय वाजवायचं. वाद्य थोडा वेळ फुंकून गरम करा, मग मधला बी, म्हणजे उडी मारल्यानंतरचा पहिला लांब सूर, बारीक आवाजात लावा. ह्या सुराला जवळजवळ सगळे पॅड बंद असतात, कुठं जरा हवा निसटत असली तर हा सूर निघायला आढेवेढे घेतो नाहीतर किंकाळी मारतो. तो हळू लावता आला पाहिजे, जोरानं कुणाचंही निघतं. मग तिथनं डी, ई, एफ, जी असं जीभ न लावता एका फुंकीत वर जायचं. डी नि ई च्या मधे यंत्रणा बदलते, तिथं खट्कन आवाज आला, सूर तुटला किंवा रंग बदलला तर दुकानदाराला सांगायचं की बाबा हे ॲडजस्ट करून दे मग बोलू. मग उलटं, वरून खाली. नंतर 'गळ्यातले' म्हणतात ते सूर, म्हणजे उडीच्या जरा आधीचे, जी ते बी फ्लॅट, हे सगळ्याच क्लॅरनेटात थोडे पोकळ असतात, बेसमधे जास्तच, पण किती पोकळ ह्याला मर्यादा आहे, शेजारच्या सुराच्या तुलनेत अगदीच खोकल्यासारखा बी फ्लॅट असला तर रेकॉर्डिंगवाला एका मिनिटात पकडतो. ट्यूनर मोबाईलमधे सगळ्यांच्या असतो, पण सुई बघत वाजवू नका, डोळे मिटून सूर लावा मग दुसऱ्याला सुई बघायला सांगा, नाहीतर आपण नकळत तोंडानं सूर ओढून बरोबर करतो नि वाद्याचा दोष आपणच झाकतो.

खालचे सूर सगळ्यात शेवटी. तेही हळू.

आता लो सी ची गोष्ट. बेस क्लॅरनेट दोन प्रकारचं येतं, एक ई फ्लॅट पर्यंत जाणारं, दुसरं सी पर्यंत. हे कागदावर लिहिलेले सूर आहेत, बी फ्लॅटचं वाद्य असल्यामुळं ऐकू येतो तो सूर एक सप्तक नि आणखी एक स्वर खाली. म्हणजे लो ई फ्लॅट वाजवला की ऐकू येते आपल्या पेटीची काळी एक, तीसुद्धा खर्जातली. काळी एकमधे गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र षड्ज बरोबर तिथंच बसतो. म्हणजे बघा, काळी एक किंवा त्याच्या वरच्या पट्टीत जो रागसंगीत, अभंग, भावगीत वाजवणार आहे त्याला ई फ्लॅटच्या वाद्यात अख्खं मंद्र सप्तक मिळालं, आणखी खाली जाऊन त्याला करायचंय काय? पांढरी एक मात्र नाही मिळत, ती अर्धा सूर खाली राहते, तेव्हा ज्याचं सगळं काम पांढरी एकवर आहे त्यानं विचार करावा. लो सी ला ऐकू येते काळी पाच, त्याच्याही खालची.

पण पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात नि स्टुडिओत गोष्ट वेगळी. शोस्ताकोविचसारख्या रशियन संगीतकारांनी पार लो सी पर्यंत सूर लिहून ठेवलेत, आताचे बॅकग्राउंड म्युझिक लिहिणारे कॉम्प्युटरवर सी पर्यंतचाच सँपल, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला आवाज, वाजवून लिहितात, तिथं तुम्ही "सर माझ्याकडं हा सूर नाही" म्हणालात की पुढच्या वेळी फोन येत नाही. तसं ई फ्लॅटच्या चावीचं मूळही गमतीचंच आहे, पूर्वी ए मधलं बेस क्लॅरनेट वेगळं असायचं, जर्मन संगीतकार वाग्नरनं त्यासाठी लिहिलंय, ते वाद्य मागं पडलं पण त्याच्यासाठी लिहिलेला खालचा ई बी फ्लॅटच्या वाद्यावर काढायचा तर एक अर्धा सूर आणखी खाली लागतो, म्हणून ही ई फ्लॅटची चावी आली. तर आमच्या पोराला मी लो सी घे म्हणालो, कारण त्याचं काम स्टुडिओत आहे. त्याच्या चुलत भावाला, जो इथं भजनी मंडळ नि ऑर्केस्ट्रा पार्टीत वाजवतो, त्याला ई फ्लॅटचं बघ म्हणालो. वाद्य हलकं, लांबी कमी, चाव्या कमी, बिघाड कमी, आणि पैसे वाचतात. लो सी मधे उजव्या अंगठ्याखाली जास्तीच्या चाव्या येतात, प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, हात बसायला वेळ लागतो, नि त्या खालपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्या वाकल्या की इथं सरळ करणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

आणखी एक, हे त्या चौकटीत यायलाच पाहिजे होतं. आपल्याकडं क्लॅरनेट वाजवणारे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, घेतात ती भोकावरून बोट हळूहळू सरकवून. रायचूरच्या पं. नरसिंहलु वडवाटींनी ह्या वाद्यावर हिंदुस्थानी संगीत वाजवून दाखवलंय, रायचूर म्हणजे पूर्वी आपल्यासारखंच निजामाच्या राज्यातलं, आणि आमचे बँडवालेसुद्धा वरातीत गाण्याची ओळ वाजवताना बोटानंच सूर ओढतात. बेसला उघडी भोकंच नाहीत! नळी एवढी जाड की बोटानं भोक झाकत नाही, सगळीकडं पॅडच्या झाकणाच्या चाव्या. अर्धं भोक उघडून मींड हा प्रकार तिथं नाही, मींड घ्यायची ती ओठ नि घशानं. ज्यांना वाटतं की बेस घेतलं की आपलं सगळं वाजवणं जसंच्या तसं एक सप्तक खाली जाईल त्यांनी आधी कुणाचं तरी वाद्य मागून वाजवून बघावं. आणि बैठकीत मांडी घालून वाजवणं विसरा, खाली पेग, म्हणजे वाद्याचा दांडा, टेकवून खुर्चीवर बसावं लागतं, वरातीत गळ्यात अडकवून चालायचं म्हणाल तर लो सी घेऊन दोन चौक चालून दाखवा, वर हलगी नि डीजे पुढं ते ऐकू पण येणार नाही ते वेगळंच.

लाकडाचं. प्रोफेशनल वाद्यं ग्रेनॅडिला नावाच्या काळ्या लाकडाची असतात, टांझानिया-मोझांबिककडून येतं, आपल्या शिसवाच्याच घराण्यातलं झाड आहे. आवाज गोड, वाद नाही. पण आपला मराठवाडा कसा आहे, जानेवारीत हवा कोरडी खडखडीत, मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, मग जूनमधे एकदम दमट, आणि पोरगं वाद्य घेऊन जाणार मुंबईच्या एसी स्टुडिओत नि तिथनं रात्रीच्या गाडीनं परत. आतून फुंकीची ओल नि बाहेरून कोरडी हवा, लाकूड अशानंच तडकतं, नि तडकतं ते बहुतेक वरच्या जॉइंटला, म्हणजे वाद्याच्या वरच्या तुकड्याला. म्हणून नवीन लाकडी वाद्य पहिले काही आठवडे दिवसाला पंधरा-वीस मिनिटांच्या वर वाजवायचं नाही, वाजवून झालं की आतून फडकं ओढायचं, पेटीत ओल राखणारी पुडी ठेवायची, उन्हात गाडीत ठेवायचं नाही, थंडीत गार पडलेलं वाद्य एकदम जोरात फुंकायचं नाही. हे पाळणं होत नसेल, नि ज्याचं निम्मं काम मांडवात उघड्यावर आहे त्याचं होत नाहीच, तर दुसरं साधं वाद्य मांडवासाठी ठेवा. यामाहाचं वायसीएल-221 हे प्लास्टिकच्या अंगाचं येतं, ई फ्लॅट पर्यंत, दोन तुकड्यांत, ते तडकत नाही. ते प्रोफेशनल नाही, पण मांडवात प्रोफेशनल वाद्य लागतं असं मला वाटत नाही.

ह्या लाकडाच्या कागदपत्रांचीही एक भीती दुकानदार घालायलेत. 2017 पासून ह्या जातीच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली होती, वाद्य देशाबाहेर न्यायला-आणायला परवाने लागायचे, ते खरं. पण 2019 च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातनं सूट आहे. तेव्हा "पेपरचे वेगळे पैसे" कुणी मागितले तर कसले पेपर ते दाखव म्हणावं.

कंपन्यांचं थोडक्यात. वरच्या वर्गात फ्रान्सची बुफे क्रॅम्पाँ नि सेल्मर, जपानची यामाहा. बुफेचं प्रेस्टीज 1193 लो सी, 1183 ई फ्लॅट. सेल्मरचं प्रिव्हिलेज. यामाहाचं 622 लो सी, 621 ई फ्लॅट. सगळी ड्युटी नि कर धरला तर लो सी आठ-दहा लाखांच्या खाली विचारूच नका, पुढं कितीही. मला विचाराल तर ह्यात अमुकच घ्या असं सांगणारा माणूस एकतर विकायला बसलाय नाहीतर त्यानं एकच वाद्य वाजवलंय. एकाच मॉडेलची दोन वाद्यं शेजारी ठेवा, दोघांचा स्वभाव वेगळा निघतो, म्हणून मुंबईला जाऊन हातात घेऊन वाजवल्याशिवाय पैसे देऊ नका, फोटो बघून तर अजिबात नाही. आणि जाताना आपलं स्वतःचं माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा तुकडा, नि त्याला लावायची वापरात असलेली पातळ पट्टी, म्हणजे रीड, घेऊन जा. दुकानातल्या वाद्याला दुकानातलं माउथपीस लावलं की तुम्ही वाद्य तपासायलात का माउथपीस तेच कळत नाही. माउथपीस नसेल तर आधी तेच घ्या, वँडोरेनचं बी 45 किंवा बी 50, सेल्मरचं सी स्टार, काही हजारांत काम होतं, नि कंपनीच्या पेटीत येणाऱ्या माउथपीसपेक्षा आवाजात जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानं एवढ्या पैशात पडत नाही. रीड मिळालं नाही तर टेनर सॅक्सोफोनचं रीड बऱ्याच माउथपीसला चालून जातं, ते आमच्या बँडवाल्यांच्या पेटीत सापडतंच.

जुनं घ्यावं का? घ्यावं. पाच लाखांत वीस वर्षं जुनं सेल्मर किंवा बुफे मिळालं तर मी तेवढ्याच पैशात कुठल्यातरी हलक्या कंपनीचं नवीन घेणार नाही. फक्त वरचा जॉइंट उन्हात फिरवून बघा, तडा भरलेला असला तर रेषेवर चमक वेगळी दिसते. दोन जॉइंट जोडताना मधल्या पुलाच्या, म्हणजे दोन्ही तुकड्यांना सांधणाऱ्या, चाव्या एका रेषेत येतात का बघा, जोर लावून जोडून जोडून त्या वाकवलेल्या असतात. अंधारात नळीत बारीक एलईडी सोडून पॅडच्या कडेनं उजेड दिसतो का बघा, जिथनं उजेड निसटला तिथनं हवा निसटणार. सगळे पॅड बदलायचे असतील तर त्याचे पैसे आधी किमतीतनं कापून घ्या. नेक, म्हणजे माउथपीस लावायची वरची वाकडी नळी, तीसुद्धा मूळचीच आहे का विचारा, दुसऱ्या कंपनीचा नेक ठोकून बसवला की वरचे सूर कधीच जागेवर येत नाहीत.

रिपेरीचं शेवटी लिहायलोय पण ते पहिलं असायला पाहिजे. संभाजीनगर, नांदेड, लातूर, कुठंही जा, बँडची वाद्यं दुरुस्त करणारे जुने कारीगर आहेत, लाख तापवून पॅड बसवणं, कॉर्क, स्प्रिंग, डेंट काढणं, हात सोन्याचा आहे त्यांचा. पण दोन रजिस्टरची यंत्रणा त्यातल्या किती जणांनी उघडली असेल? मेरठला वाद्यं पाठवायची पद्धत आहे, ते पितळी कामाला ठीक. बेससाठी मुंबई-पुण्यातला एक माणूस आधी ठरवा, त्याला विचारा तुझ्याकडं कोणत्या कंपनीचे पॅड नि स्क्रू मिळतात, तो ज्या कंपनीचं नाव घेईल तिचं वाद्य तुमच्या यादीत वर सरकवा. आम्ही आमच्या पोराच्या बाबतीत हेच केलं, त्याच्या डोक्यात फ्रान्सचं होतं, कारीगर म्हणाला जपानचे पार्ट मला आठवड्यात मिळतात, फ्रान्सच्याला थांबावं लागतं. पोरगं अजून नाराज आहे. बाप खूश आहे, कर्जाचा हप्ता त्याला भरायचाय.

आणि इथं एक मागणी करून थांबतो. आपल्या आठ जिल्ह्यांत पोलीस बँड आहेत, कॉलेजात संगीत विभाग आहेत, पण ज्याला बेस क्लॅरनेट घ्यायचंय त्याला हातात धरून बघायला एक वाद्य मिळत नाही, विमानाच्या तिकिटाएवढा खर्च करून मुंबईला दोन-तीन खेपा घालाव्या लागतात. विद्यापीठाच्या संगीत विभागानं एक चांगलं ई फ्लॅटचं वाद्य घेऊन ठेवलं, नि बाहेरच्या वाजवणाऱ्यांना महिन्यातनं एक दिवस हाताळू दिलं, तरी बँडवाल्यांच्या पोरांचे लाख-दोन लाख वाचतील. तुमच्या पेपरनं ह्यावर जरा पाठपुरावा करावा, आणि पुढच्या रविवारी ती चौकट दुरुस्त करून छापावी, निदान 'खालचा सूर घुमला की घ्या' एवढं वाक्य तरी काढावं.

कुणाला मुंबईला वाद्य बघायला जाताना सोबत पाहिजे असेल तर तुमच्या ऑफिसात निरोप ठेवायला सांगा, लग्नसराई सोडून मी मोकळाच असतो.

आपला,
एक जुना क्लॅरनेटवाला,
परभणी